सूप खोटं बोलत नाही

नवतप्याच्या पहिल्या दिवशी सकाळीच नत्थूजी शिडी लावून माळ्यावर चढले, आणि तेही एका सुपासाठी. प्रोफेसर मनोहररावांनी निरोप धाडला होता की, आज अकराच्या सुमारास येतो, तुमचं ते जुनं सूप काढून ठेवा. बासष्टाव्या वर्षी शिडी चढणं म्हणजे गंमत नव्हे. पण धरमपेठेतला शिकलासवरला माणूस आपल्या घरचं सूप पाहायला विणकरांच्या ओळीत येतो आहे, हे चार लोकांना दिसायचं असेल तर माणूस शिडी काय, ताडावरसुद्धा चढतो.

"मामाजी, उतरा ना खाली. ते मिलमधून आले की काढून देतील," खालून सून पुष्पलता म्हणाली. तिला सातवा महिना होता. शिडी धरतानाही तिचा एक हात कमरेवर होता.

"कोन, शालिकराम? त्याले सूप अन् टोपलं यातला फरक तरी कळते का? तू धर शिडी."

सूप खाली आलं. बांबूचं, मोठं, शेणामातीनं लिंपलेलं आणि धुरानं काळं पडलेलं. त्याच्या पोटाखाली आडवी एक लोखंडी चाती बांधलेली होती, चरख्याची असते तशी, हातभर लांब. चातीची दोन टोकं सुपाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. पुष्पलतेनं पदरानं धूळ झटकायला हात पुढे केला.

"हात नको लावू," नत्थूजी म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तुह्या कामाचं नाही ते."

१९५५ साल. जुन्या नागपुरातल्या त्या ओळीत चाळीस घरं होती आणि घरटी एक माग. पहाटेपासून खटखट सुरू व्हायची, पण नवतप्यात, मे महिन्याच्या शेवटाच्या त्या नऊ दिवसांत, अकरा वाजले की माग आपोआप थांबायचे. हवा इतकी कोरडी व्हायची की ताण्याचा धागा हात लावताच तुटायचा. मग दारं लागायची, कुत्री नालीत जाऊन पडायची आणि भर दुपारी ओळ अशी सुनी व्हायची, की मध्यरात्रीही तिथे एवढी शांतता नसे.

नत्थूजींनी आता माग सोडला होता, पण बैठकीत विणकरानं पाय सोडून बसायच्या खड्ड्यावर तो अजून उभा होता. धागा तुटला की ते कातर शोधत बसत नसत, दातानं तोडत. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. अडकित्त्याशिवाय सुपारी फोडायची आणि वर हसून दाखवायची, ही त्यांची खोड सगळ्या ओळीला पाठ होती.

मनोहरराव रिक्षातून उतरले ते डोक्यावर ओला टॉवेल आणि त्यावर छत्री अशा थाटात. चेटकिणींवर ते पुस्तक लिहीत होते. जुन्या सरकारी फायली वाचून झाल्या होत्या, भंडारा-चांद्याकडची खेडी पालथी घालून झाली होती, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की, नागपुरातच एक माणूस आहे, ज्यानं चेटकीण शोधायचं सूप स्वतः धरलेलं आहे.

"एक गंमत सांगू, नत्थूजी?" पन्ह्याचा पेला खाली ठेवत ते म्हणाले. "चेटकिणीची साधनं म्हणून मला आजवर जे जे दाखवलं, सूप, एरंडाच्या छड्या, डोकं भादरायचा वस्तरा, ते सगळं तिला पकडणाऱ्यांचं निघालं. तिच्या घरातलं म्हणून कोणी काही आणलंच, तर झाडू, सुई, मुसळ. ते तर माझ्याही घरी आहे."

नत्थूजींना यात गंमत काय ते कळलं नाही. ते हसले मात्र.

"छडी एरंडाचीच का?"

"दुसऱ्या लाकडाचा मार तिले लागतच नाही म्हनत."

"आणि दात?"

"पुढचे चार पाडत. दात नसले की मंतर बरोबर निघत नाही तोंडातून. मंग ती बाई काई करू शकत नाही. तिचं चेटूक संपलं."

"तुम्ही पाहिलंय कधी असं?"

नत्थूजींनी सुपारी दाढेखाली धरून कट्कन फोडली. "एकदा," ते म्हणाले, आणि विषय सुपाकडे वळवला.

बारा वाजत आले होते. सूप धरायची वेळ हीच. दारात रुखमाबाई येऊन उभी राहिली होती. शेजारची, चाळिशी उलटलेली; तीन वर्षांची नात पंचफुला तिच्या कडेवर. तिच्यामागे आणखी दोघीतिघी. प्रोफेसर काय करतात ते पाहायला आल्या होत्या, आणि नत्थूजींना ते आवडलं.

रीत सोपी होती. दोघांनी समोरासमोर बसायचं. सुपात मूठभर जवारी टाकायची. चातीचं एक टोक याच्या अंगठ्यावर, दुसरं टोक त्याच्या अंगठ्यावर, म्हणजे सूप मधे अधांतरी तोललं जातं. मग ओळीतल्या बायांची नावं घ्यायची, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, एकही न गाळता. एक नाव जरी गाळलं तरी सूप आंधळं होतं, अशी समज. ज्या नावाला सूप कलंडेल आणि दाणे सांडतील, ती चेटकीण.

"तुम्हीच धरा दुसऱ्या बाजूनं, साहेब," नत्थूजी म्हणाले.

प्रोफेसरांचा अंगठा मऊ होता, पेनाची शाई लागलेला. सूप तोललं गेलं. नत्थूजी नावं घेऊ लागले, तशीच, जुन्या लयीत. जिजाबाई. गोदूबाई. रुखमाबाई. दारातल्या बाया आपलं नाव आलं की तोंडाला पदर लावून हसत होत्या. सूप पाण्यावरच्या पानासारखं किंचित हलत होतं, बस्. एकोणचाळीस घरांची नावं झाली आणि शेवटचं, स्वतःचं घर उरलं.

इथे थांबता आलं असतं. पण रीत ती रीत. शिवाय सूप कसं कलंडतं हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस आज काही करणार नव्हता.

"माह्या घरची... पुष्पलता."

सूप कलंडलं. हळू नाही, झटक्यानं, कोणी खालून थाप मारावी तसं. जवारीचे दाणे जमिनीवरून घरंगळत स्वैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले, जिथे पुष्पलता उभी होती. आणि नत्थूजींना वास आला. जळक्या तंबाखूच्या मिश्रीचा. त्या घरात मिश्री कोणीच लावत नव्हतं.

"वा," मनोहरराव म्हणाले. "कळली बरं का तुमची युक्ती. चाती अंगठ्यावर हळूच फिरवायची, असंच ना? पुन्हा एकदा करा."

पुन्हा केलं. या वेळी नत्थूजींनी अंगठा दगडासारखा ताठ धरला होता. पुन्हा शेवटच्या नावाला सूप कलंडलं, आणि दाणे पुन्हा उंबऱ्याकडे गेले.

"युक्तीच आहे ना ही?" प्रोफेसर हसत होते.

हो म्हणायचं होतं. एवढंच करायचं होतं. हो साहेब, अंगठ्याची करामत होय, असं म्हटलं असतं तर दारातल्या बाया हसत घरी गेल्या असत्या आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण नत्थूजींनी दाराकडे पाहिलं. रुखमाबाई हसायची थांबली होती. तिच्यासमोर हो म्हणणं म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारीही करामतच होती असं कबूल करणं. आणि नत्थूजींच्या तोंडून, पाठ केलेल्या पाढ्यासारखं, जे आजवर दर वेळी निघालं होतं तेच निघालं.

"सूप खोटं बोलत नाही."

रुखमाबाईनं नातीला छातीशी धरलं आणि ती निघून गेली.

आता त्या दुपारचं सांगितलं पाहिजे. जंगल सत्याग्रहाचं साल, तीसचं. तेव्हाही नवतपाच होता. नत्थूजींना पहिला मुलगा झाला होता, अकरा महिन्यांचा, गुटगुटीत. उमरेडला साडूकडे लग्न होतं. समोरच्या घरातली मैनाबाई, एकटी राहणारी विधवा, जिच्या हातच्या लुगड्याच्या काठाला ओळीत तोड नव्हती, ती दारात येऊन म्हणाली होती, "नत्थू, लेकराले दुपारच्या उनात नेऊ नको गा. दिवस कलला की निघ. संग पन्हं घे." नत्थूजींना बाईमाणसानं शिकवलेलं आवडत नसे. ते भर बाराला बैलगाडीत बसले. उमरेडच्या अलीकडेच लेकरू तापानं फणफणलं, आणि रात्री गेलं.

लेकराला माती देऊन दोन दिवस झाले होते. विहिरीवर मैनाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "लेकराले काई झालं नव्हतं. बापानं उनात नेऊन मारलं." खोटं काहीच नव्हतं त्यात. हेच नत्थूजींना सहन झालं नाही. बायको त्यांच्याकडे पाहत होती. पाणी भरणाऱ्या सगळ्या बाया त्यांच्याकडे पाहत होत्या.

त्याच आठवड्यात ओळीतली आणखी दोन पोरं आजारी पडली. लोक भेदरले आणि सूप धरा म्हणाले. समोर जोडीदार म्हणून गणपतराव बसला, साधा माणूस, त्याला यातलं काही कळत नव्हतं. मैनाबाईचं नाव आलं आणि नत्थूजींनी अंगठा सुताएवढा वळवला. सुताएवढाच. पुढचं लोकांनी केलं. एरंडाच्या छड्या आल्या. रुखमाबाई तेव्हा नवी सून होती, दांडगट, तिनं मैनाबाईचे केस मागून घट्ट धरले. दात पाडायचा मान सूप धरणाऱ्याचा. नत्थूजींनी मागावरचा, आडवा धागा फेकायचा धोटा उचलला, शिसमचा, दोन्ही टोकांना लोखंड लावलेला. मैनाबाईचे दात बारीक होते, मिश्रीनं काळे झालेले. चार पडले. ती त्यांच्याकडे पाहून काहीतरी बोलत होती, पण नुसती हवा निघत होती आणि रक्त.

तिला तिच्याच घरात लोटून बाहेरून कडी लावली. तीन दिवस. ते दार उघडून पाणी द्यायचं कोणालाही सुचलं नाही, नत्थूजींना तर मुळीच नाही. चौथ्या दिवशी ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, तुरीवर, विणलेलं कापड गुंडाळायच्या लाकडावर, डोकं टेकून मेलेली सापडली. पुढे घर पडलं. ती जागा कोणी घेतली नाही. तिथे एरंडाचं रान माजलं, आणि पंचवीस वर्षं नत्थूजी सकाळी दार उघडलं की ते एरंड पाहत आले होते.

प्रोफेसर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे माग थांबले. नत्थूजी खाटेवर पडले होते. खट्... खट्... एक माग चालू होता. संथ. घाई नसलेल्या माणसाचा.

"मामाजी," पुष्पलता दारातून हळूच म्हणाली, "समोर कोनाचा माग चालून राहिला?"

"समोर घरच नाही, पोरी."

"तेच म्हनते मी."

त्या संध्याकाळी रुखमाबाईच्या पंचफुलेला ताप भरला.

ओळ बोलत नाही, ओळ वागते. तिसऱ्या दिवशी विहिरीवर पुष्पलतेनं बादली सोडली तशा बाकीच्या बाया आपापल्या घागरी उचलून निघून गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी दारावर एरंडाची फांदी खोचलेली होती. पुष्पलतेनं ती काढून शेळीला टाकली; शेळीनंही तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी तिनं पन्हं करून पंचफुलेसाठी पाठवलं, आणि रुखमाबाईनं पेला तिच्यादेखत नालीत ओतला.

शालिकराम आधी हसला, मग चिडला, मग घाबरला. मिलमधून आल्यावर रात्री बापाजवळ बसून म्हणाला, "बाबा, मी तिले माहेरी उमरेडले पोचवतो. उद्याच."

"नाही."

"काहून नाही?"

"नवतप्यात नाही. पोटात लेकरू आहे तिच्या. नवतप्यात उमरेडले कोनी जाणार नाही ह्या घरातून."

शालिकरामला बापाचं काय बिनसलं ते कळलं नाही. आपल्याला एक भाऊ होता हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी नत्थूजींनी सूप चुलीत घातलं. बांबू वाळलेला, पंचवीस वर्षांचा. त्यावर जाळ चढला, शेणाचा थर तडकला, आणि चूल विझली. सगळी, निखाऱ्यांसकट, कोणी पाणी ओतावं तशी. सूप तसंच होतं. नत्थूजींनी ते बाहेर काढलं तेव्हा ते गार लागलं. घरभर मिश्रीचा वास होता. पुष्पलतेनं नाकाला पदर लावला आणि काही विचारलं नाही. तिचं ते न विचारणं नत्थूजींना फार लागलं. ती त्यांच्यावर विश्वास ठेवून होती.

नवव्या दिवशी दुपारी ते आले. शालिकराम मिलमध्ये होता. वीस-पंचवीस माणसं, बायाही होत्या, आणि बहुतेकांच्या हातात हिरव्या छड्या, समोरच्या रानातूनच तोडलेल्या. पंचफुला सकाळपासून डोळे उघडत नव्हती.

रुखमाबाई पुढे होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. "नत्थूजी भाऊ, तुमच्याशी आमचं काई नाही. सुनेले बाहेर पाठवा."

पुष्पलता त्यांच्यामागे भिंतीला टेकून उभी होती. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. नत्थूजींनी तिच्याकडे पाहिलं आणि पंचवीस वर्षं दाढेखाली दाबून ठेवलेलं बोलून टाकलं.

"ऐका. सूप कलंडत नाही. सूप कलंडवते मानूस. मैनाबाईच्या टायमाले मी कलंडवलं, ह्या अंगठ्यानं. माहं लेकरू उनानं मेलं. मी नेलं होतं. ती नको म्हनत होती... मले लोकाईसमोर लाज वाटली म्हनून मी तिचं नाव लावलं. तिचा काई गुन्हा नव्हता."

मागे एका म्हाताऱ्यानं हातातली छडी खाली घेतली.

"अन् आता?" रुखमाबाईनं विचारलं. "आता सुनेच्या नावाले कोनं कलंडवलं?"

"मीच," नत्थूजी म्हणाले. हे खोटं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्यासाठी खोटं बोलत होते. "प्रोफेसरले दाखवायले केलं."

"आपल्या घरच्या गरोदर सुनेवर कोन करते असं?"

"इश्वास नाही तर बस समोर. धर दुसरं टोक. मी माहं सोताचं नाव घेतो अन् कलंडवून दाखवतो. मंग तर समजन?"

हे लोकांना पटलं. रुखमाबाई छडी मांडीवर ठेवून समोर बसली. सुपात जवारी पडली. दोन अंगठे, मधे चाती. बाहेरून, ऊन ओलांडून, तेवढा तो माग ऐकू येत होता. खट्... खट्...

"नत्थू," ते म्हणाले, आणि अंगठा वळवला.

सूप हललं नाही.

पुन्हा नाव घेतलं. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत जोर लावला. चाती अंगठ्यात रुतली, रक्त आलं, पण ती जागची सरकली नाही, जणू भिंतीत गाडलेली होती. सुपातला एक दाणाही हलला नाही. ज्या करामतीनं एका बाईचा जीव घेतला होता, ती करामत आज एका जिवासाठी येईना.

"दाबा ना," रुखमाबाई हळू आवाजात म्हणाली. "दाबा... तुमीच तर कलंडवत होते."

नत्थूजींच्या कपाळावरून घाम सुपात ठिबकत होता. लोकांमधून एक हुंकार उठला. खाली गेलेली छडी पुन्हा वर आली. जमावाला आता कळलं होतं की सूप कोणाच्या अंगठ्याचं ऐकत नाही. म्हणजे मैनाबाईही खरीच होती, आणि हीसुद्धा खरीच.

"आता सुनेचं नाव घ्या."

नत्थूजींनी नकारार्थी मान हलवली.

"तुमी नाही घेत तर मी घेते," रुखमाबाई म्हणाली.

नत्थूजींनी तिच्या खांद्यावरून उघड्या दाराकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे ऊन पांढरं झालं होतं. एरंडाच्या पानांत, जिथे मागाचा खड्डा होता, तिथे कोणीतरी बसलं होतं. चेहरा दिसत नव्हता. माग थांबला होता. ती वाट पाहत होती, एवढं मात्र त्यांना इथून समजलं. कबुलीजबाब तिला नको होता. कबुली काय, तोंडाची वाफ. तिचं जे नेलं होतं ते तिला परत हवं होतं, मोजून.

"पुष्प..." रुखमाबाईनं तोंड उघडलं, आणि सूप थरथरलं.

धोटा मागावरच पडला होता, तोच, शिसमचा. नत्थूजींनी डाव्या हातानं तो उचलला आणि स्वतःच्या तोंडावर मारला. एकदा. मग पुन्हा. पुष्पलता किंचाळली. तिसऱ्या घावाला ते वाकले, दात आणि रक्त सुपात पडलं, पण उजवा अंगठा त्यांनी चातीखालून हलू दिला नाही.

मग त्यांनी आपलं नाव घेतलं. नुसती हवा निघाली. तो शब्द कोणाला कळण्यासारखा नव्हता.

सूप कलंडलं. सावकाश, ओझं झालेल्या माणसासारखं, नत्थूजींच्या बाजूला. दाणे, दात, रक्त, सगळं त्यांच्या मांडीवर सांडलं.

मागचा म्हातारा पुटपुटला, "सापडलं. दातही पडले. संपलं आता." ओळीचा कायदाच तो होता, आणि त्या कायद्यानं आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकेकानं छडी दाराबाहेर टाकली. रुखमाबाई सगळ्यात शेवटी उठली. उठताना तिनं पुष्पलतेकडे पाहिलं नाही. पण तासाभरानं तिची सून मागल्या दारानं आली आणि म्हणाली, "पन्हं आहे काय वं, थोडंसं?" संध्याकाळी पंचफुलेचा ताप उतरला.

दहाव्या दिवशी मनोहरराव पुस्तकासाठी सूप मागून न्यायला आले. झालं ते शालिकरामनं त्यांना रिक्षातून उतरताच सांगितलं, आणि ते इतके पांढरे पडले की पुष्पलतेनं त्यांनाच पाणी दिलं. नत्थूजी खाटेवर होते, तोंडावर ओलं फडकं. त्यांना बरं वाटत होतं. सुजलेल्या जबड्याच्या आत कुठेतरी, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, हलकं वाटत होतं.

"ते दात कुठे आहेत?" प्रोफेसरांनी चाचरत विचारलं. "माफ करा, पण... नोंद ठेवायला हवी."

पुष्पलतेनं आदल्या दिवशी सगळं सुपातच गोळा करून कोनाड्यात ठेवलं होतं, दाणेही. फेकायचा तिला धीर झाला नव्हता. प्रोफेसर चष्मा लावून दाणे बोटानं बाजूला सारू लागले. मग थांबले. पुन्हा पहिल्यापासून सारू लागले.

"नत्थूजी, तुमचे चारच पडले ना?"

नत्थूजींनी चार बोटं दाखवली.

"इथे आठ आहेत."

त्यांनी ते तळहातावर मांडून खाटेजवळ आणले. चार मोठे, पिवळट, रुंद. आणि चार बारीक, जुने, मिश्रीनं काळे झालेले. काळ्यांच्या मुळांना अजून ओल होती.

नत्थूजींनी डोळे मिटले. आता ती जाईल, त्यांना वाटलं. तिचे तिनं दाखवले, माझे घेतले, हिशोब मिटला. शालिकरामनं दार उघडलं होतं. नवतपा संपला होता, पण ऊन तेवढंच होतं आणि अकरा वाजून गेल्यामुळे ओळीतले सगळे माग थांबले होते.

समोरच्या एरंडात खट् वाजलं. मग पुन्हा, खट्.

नत्थूजी कोपरावर उठून बसले. रस्त्यापलीकडे नाही, शेजारच्या ओट्याकडे त्यांची नजर गेली. तिथे सावलीत रुखमाबाई बसली होती, नातीला मांडीवर घेऊन. नात तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. रुखमाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तोंड थोडं उघडं ठेवून ती जिभेनं आपला पुढचा दात हलवून पाहत होती.